उताणा पडदा

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. रागच तेवढा आला होता.

मिरजोळ्याच्या आमच्या कारखान्यात कोकमाचा रस गाळायचा पडदा तासाभरात चोंदायचा. मी तो धुणाऱ्या बायकांवर खेकसत होतो, "नीट घासत नाही तुम्ही!" पंप दुरुस्त करायला आलेल्या या माणसाने ते ऐकलं. पाना आपटून तो गाळणीशी आला, वाकून आत पाहिलं आणि भडकला.

"त्यांच्यावर काय ओरडताय? पडदा असा उताणा निजवलान कोणी? वरून रस सोडलात, तर गाळ त्याच्यावरच बसणार ना!"

निजवला होता मीच.

त्याने बोल्ट सोडून गाळणी उलटी बसवली. आता रस खालून वर चढू लागला आणि गाळ पडद्यापासून सुटून तळाशी जाऊ लागला. संध्याकाळपर्यंत पडदा धुवावा लागला नाही.

निघताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. पडदा घासून बोटं सोलवटलेल्या एका बाईसमोर थांबून म्हणाला, "वैनी, चूक आमची होती. माफ करा."

अजून संताप होतो माझा. माफी मागायची होती मी. मागितलीन त्याने.