अशिलांच्या वेळी शिवलेले अभ्रे

ह्यांच्या काळ्या कोटाला इस्त्री करत होते. एक बाही झाली, दुसरी धरली आणि धाकटी दारात येऊन उभी राहिली. ती गेली तरी कोट तसाच पडलाय. आधी हे लिहून काढते, मग बाहीचं बघू.

आमचे हे वकील. पुढची खोली त्यांची, मागे माझं स्वयंपाकघर आणि मध्ये नुसती फळ्यांची भिंत. मी लग्न होऊन आले तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं, "अशील आलं की मी भिंतीवर टकटक करीन. तू शिलाई मशीन चालू कर. ऐकून तोंड बंद ठेवण्यापेक्षा कानावर न पडलेलं बरं." तेव्हापासून टकटक झाली की मी मशीनवर. घरात उशा कमी आणि अभ्रे जास्त अशी गत झाली. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, "लोकांची भांडणं मिटली तर आपल्याला उघड्या उशीवर झोपावं लागेल गं!" कोर्टात ह्यांना 'कुलूप' म्हणतात. त्यावरही सासूबाईंचं तयार असायचं, "स्वतःचं लग्न ठरलेलं मला मुलीकडच्यांनी सांगितलं, ह्याने नाही."

धाकटी म्हणजे पलीकडच्या घड्याळवाल्यांची मुलगी. केस पिकले तरी सगळ्या गल्लीची धाकटीच. आई लवकर गेली, भाऊ दूर जाऊन स्थिरावला आणि म्हाताऱ्या वडिलांचं सगळं हिच्या गळ्यात पडलं. "घर धाकटीचंच आहे," असं म्हातारे चारचौघांत म्हणायचे.

गेल्या वर्षी एका सकाळी तेच काठी टेकत ह्यांच्याकडे आले. टकटक झाली, मी मशीन चालवलं. एरवी अशील गेलं की हे चहा मागतात. त्या दिवशी मागितला नाही. पुढे काही दिवस हेच उठून म्हाताऱ्यांकडे जात राहिले. वकील अशिलाच्या दारी जातो हे मी पहिल्यांदा पाहिलं. येताना चेहरा उतरलेला. विचारायची सोय नव्हती.

त्याच सुमारास धाकटी आली, खूप दिवसांनी हसत. "दादा, परगावी मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीचं काम मिळतंय. राहायला खोलीसुद्धा. बाबांसाठी दिवसभराची बाईही बघितलीय. पण बाबा म्हणतात, घर तुझं असताना जातेस कुठे? तुम्ही सांगा, जाऊ की राहू?"

हे खुर्चीतून उठलेच. "हे मला विचारू नकोस. दुसऱ्या वकिलाकडे जा. आजच जा."

"अहो, वकील म्हणून कुठे विचारतेय? भाऊ म्हणून विचारतेय."

"भाऊ म्हणूनही नको."

तिचं तोंड एवढंसं झालं. "बरं. इतकी काही फुकटी नाही हो मी," म्हणाली आणि गेली. 'आजच' या शब्दावरून ती काय ते ओळखेल, असं ह्यांना वाटलं असावं. तिला मात्र दार लावून घेतल्यासारखं वाटलं. ह्यांना अशिलांचं मन कळतं, शेजारणीचं नाही. ती नोकरी तिने घेतलीच नाही.

गेल्या महिन्यात म्हातारे गेले. मृत्युपत्र उघडलं तर घर मुलाच्या नावे. तो ते विकतोय.

आज ती दारातूनच म्हणाली, "दादा, तुम्हाला माहीत होतं."

ह्यांनी हातातली फाईल मिटली.

"घर तुझंच म्हटलं की मी हलणार नाही, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. पण तुम्ही? नुसतं 'जा' म्हणाला असतात. एक अक्षर!"

"ते माझ्याशी बोलले ते त्यांचं," हे म्हणाले. "माझं नाही."

"ते गेले, दादा."

"गेले तरी."

मला राहवेना. "अहो, निदान त्यांची समजूत घालायला तुम्ही जात होतात, एवढं तरी तिला—"

"तू मशीनवर बस," हे म्हणाले.

खोलीत अशील कुणी नव्हतं. मी जागची हलले नाही. धाकटीच हसली, ऐकवेना असं. "शिवा वहिनी, शिवा. मला महिनाअखेर घर रिकामं करायचंय." आणि उतरून गेली.

मी देवाजवळ जाऊन बसले. देव सगळ्यांचं ऐकतो आणि कुणाचं कुणाला सांगत नाही, त्याचा मला कधी राग आला नाही. ह्यांचा आज आला. मग वाटलं, हे एकदा जरी बोलले असते, तर पदराने सुजलेला गाल झाकून येतात त्या बायकांनी कुणाच्या भरवशावर हा उंबरा चढायचा? हे खरंच आहे. पण त्याने धाकटीला खोली मिळत नाही. देवाला म्हटलं, मला यातलं काही जुळवता येत नाही, तूच बघ.

बाहेर आले तर हे पायात चपला घालत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला सामान भरायला लागतील. माझ्या हातून घ्यायची नाही ती. तू नेऊन दे."

आणि हे किराणा दुकानातून रिकामी खोकी आणायला गेले.