नारळाचं पाणी आणि निळं द्रावण

पहिल्या वर्षाला मला रासायनिक समतोल समजला नाही. बाई सांगायच्या, "बाहेरून सगळं थांबलेलं दिसतं, आत मात्र दोन्ही बाजूंनी चालूच असतं." मी मान डोलवायचे. थांबलेलं दिसतं ते चालू आहे हे ओळखायचं कशावरून, हे विचारायचं राहून जायचं.

बाई तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि जूनमध्ये संस्थेच्या अध्यक्षांच्या मनात आलं तर पुन्हा मिळायची. तेच अध्यक्ष खालापूरच्या आमच्या कॉलेजातल्या नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन करणार होते, म्हणून बाईंनी डोळ्यांना दिसेल असा प्रयोग निवडला. कोबाल्ट क्लोराइडचं द्रावण गरम पाण्यात धरलं की निळं, बर्फात धरलं की गुलाबी. तो करून दाखवायला मला उभं केलं, कारण माझं इंग्रजी बरं होतं. कार्यक्रम मराठीत होता.

बर्फ कुंभिवलीच्या ढाब्यावरून आणला. अध्यक्षसाहेब सकाळी येणार होते. "साहेब अजून चौकलाच हायेत," असं शिपाईमामा येऊन येऊन सांगत राहिले. शेवटी त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं. "बाई, ह्याचं तर पाणी झालं. सरबत करू काय?"

बाई हसल्या नाहीत. आता द्रावण गुलाबी कसं करायचं, ते त्या गडबडीत त्यांनाही सुचत नव्हतं.

दुपारी साहेब आले. फीत कापली, दिवा लावला, विज्ञाननिष्ठेवर भाषण केलं आणि मग ओट्यावर नारळ फोडला. आमच्याकडे ट्रॅक्टर असो की बोअरचा पंप, नारळाचं पाणी शिंपडल्याशिवाय कुणी चालू करत नाही. साहेबांनी हात आखडता घेतला नाही. अर्धी करवंटी सरळ परीक्षानळ्यांवर उलटी केली. मी तापवून ठेवलेलं निळं द्रावण बघता बघता गुलाबी झालं.

टाळ्या पडल्या. साहेबांनी करवंटीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"नारळाच्या पाण्यानं झालं हे?"

बाई म्हणाल्या, "पाण्यानं झालं, सर."

"म्हणजे शास्त्रालाही नारळ लागतो," साहेब मागच्या मंडळींना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "बाई, बर्फ तर नव्हता. मग रंग कसा बदलला?"

"पाणी वाढलं की समतोल गुलाबीकडे सरकतो. कुठलंही पाणी."

"मग काल का नाही सांगितलं?"

"सांगितलं की गं."

ते खरंच होतं. तरी मला काहीतरी न कळल्यासारखं वाटत राहिलं.

जूनमध्ये बाई परत आल्या. नव्या वर्गाला तोच प्रयोग दाखवायला बाईंनी मला मदतीला बोलावलं, त्या दिवशी शिपाईमामा नारळ घेऊन दारात आले. "साहेबांनी धाडलाय. दरवर्षी फोडा म्हणाले."

बाईंनी नळाकडे पाहिलं. मग नारळ फोडून पाणी बीकरमध्ये घेतलं आणि निळ्या द्रावणात ओतलं. द्रावण गुलाबी झालं आणि मुलांनी निरीक्षण उतरवून घेतलं. बाईंचा चेहरा अगदी शांत होता. त्यावरून मला काही म्हणजे काही ओळखता आलं नाही.