भाऊ सावंतांचा पाय

भाऊ सावंत रस्त्यात थांबायचे ते भांडायला. डिलाईल रोडवरून चालता चालता एकदम पाय रोवून उभे राहायचे आणि समोर दिसेल त्याला झोडपायचे. नवा टॉवर, उघडं गटार, कुणाची तरी तोकडी पँट, काहीही चालायचं. "ह्यांका माणसां म्हणूची?" असं तोंडसुख घेऊन झालं की पुढे. शेजाऱ्यांना वाटे, काय खडूस माणूस! कारण वेगळंच होतं. थोडं चाललं की त्यांची पोटरी आवळून यायची आणि उभं राहिलं की कळ ओसरायची. ते कबूल करण्यापेक्षा जगाला शिव्या घालणं भाऊंना सोपं वाटलं.

तरुणपणी ते गिरणीच्या संघातून कबड्डी खेळले होते. त्या पायांचे पोवाडे आमच्या चाळीत सगळ्यांना ऐकावे लागत. कुणी लंगडताना दिसलं की भाऊ त्याची नक्कल करून दाखवत आणि स्वतःच हसत. तोंडात विडी कायम.

मग पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली. जखम भरेना, काळी पडू लागली. भाऊ तिच्यावर हळद आणि फुशारकी लावत राहिले. शेवटी त्यांची मुलगी नंदा शाळेतून रजा टाकून आली आणि त्यांना परळच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेली. मीही सोबत होतो. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, पायाला रक्त नेणारी नळी तुंबली आहे. जांघेतून बारीक तार घालायची, तुंबलेल्या जागी फुगा फुगवायचा, की वाट मोकळी होते. उशीर केला तर पाय कापावा लागेल.

"फुगो?" भाऊ हसले. "जत्रेतले फुगे घेवचा वय गेला माझा, बाय."

"पाय गेला तर जत्रेलाही जाता येणार नाही, काका."

आत नेताना मात्र त्यांनी नंदाचा हात असा आवळून धरला, की नर्सला त्यांची बोटं सोडवावी लागली.

फुग्याने काम केलं. अंगठा गेला, पाय राहिला. बाहेर आणल्यावर नंदाने इतके दिवस गार पडलेल्या तळव्याला हात लावला. "गरम लागतोय!" म्हणाली आणि रडायलाच लागली.

"रडतंस कित्याक? मी मेलंय काय?" भाऊ खेकसले.

चाळीत परतल्यावर त्यांनी जाहीर केलं, की नारळाच्या तेलाच्या मालिशने पाय बरा झाला. डॉक्टरीणबाईंचं आणि नंदाचं नावसुद्धा नाही. बाईंनी बजावलं होतं, विडी सोडा, हृदयही तपासून घ्या, पायात तुंबलंय तसं छातीतही तुंबलेलं असू शकतं. भाऊ म्हणाले, "पायाची डॉक्टरीण छातीत कित्याक घुसता?" आणि संडासात लपून विडी ओढायला लागले. इतका हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढच्याच वर्षी एका दुपारी ते गॅलरीत बसल्या जागी गेले. दोन दिवस छातीत दुखत होतं, हे आम्हाला नंतर खालच्या मेडिकलवाल्याकडून कळलं. त्याच्याकडून ते गुपचूप गॅसच्या गोळ्या नेत होते.

कबड्डी मंडळाने शोकसभा घेतली. जुने खेळाडू जमले. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "भाऊ शेवटपर्यंत खंबीर. आपलं दुखणं कधी कुणाला दाखवलं नाही."

नंदा उठली. "खंबीर नव्हते, घाबरले होते," ती म्हणाली. "पायाचं आम्हाला कळलं, म्हणून पाय वाचला. छातीचं त्यांनी कळू दिलं नाही. याचं कृपा करून कौतुक करू नका."

सभा तिथेच आटोपली. जिन्यात दोन म्हातारे खेळाडू नंदासाठी थांबले होते. एकाने इकडेतिकडे पाहिलं, पँट वर ओढून पोटरी तिला दाखवली आणि हळूच विचारलं, "ती डॉक्टरीण कधी भेटते गं?"