आमेन राहिलं तेव्हा

काल संडे स्कूलमध्ये मुलांना कृती लिहायला शिकवत होते. विषय दिला, प्रार्थना कशी करावी. अट एकच, लिहिलंय तेवढंच करायचं. छोट्या रूथनं फळ्यावर लिहिलं: हात जोडा. डोळे मिटा. देवाशी बोला. मग ऐका.

आमेन राहूनच गेलं.

मुलांनी लिहिल्याप्रमाणे केलं. त्यांचं पुटपुटणं थांबलं आणि चर्च गप्प झालं. आपण मोठी माणसं बोलून झालं की लगेच आमेन म्हणतो, दार लोटून घ्यावं तसं. काल ते सताड उघडं होतं. मग मिटल्या डोळ्यांनी सगळ्या मुलांनी एकदमच होकारार्थी मान हलवली. मी घाईनं म्हणाले, “आमेन!”

डोळे न उघडता रूथ कुजबुजली, “थांबा ना बाई, आता तो तुमच्याबद्दल सांगतोय.”