शैलाला परत आणायला बहरीनला गेले तेव्हा

शुक्रवारी दुपारी शाळेच्या मागच्या पायरीवर आम्ही दोघी कॅनव्हासचे बूट पांढरे करत बसायचो. नाशिकच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शनिवारी पी.टी. असायची आणि सिस्टर प्रत्येकीच्या बुटावरून बोट फिरवून बघायच्या. डबी एक, स्पंज एक. शैला आधी माझे बूट करायची, मग स्वतःचे, कारण माझे हात कोपरापर्यंत बरबटायचे. बूट उन्हात वाळत ठेवून आम्ही अनवाणी बसायचो. म्हातारपणी शेजारी-शेजारी राहायचं, हे अशाच एका शुक्रवारी ठरलं. शैला बहुधा विसरली. मी नाही विसरले.

लग्नानंतर ती बहरीनला गेली. तिचे यजमान अरविंद तिथल्या बांधकाम कंपनीत अकाउंटंट. ते या वर्षी निवृत्त होणार हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मीच लाजले. आखातात नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की माणूस घरी येतो, हे मी इतकी वर्षं ऐकत आले होते. इथे नाशिकला आमच्या मजल्यावर अगदी समोरचा फ्लॅट रिकामा आहे. मालक देशमुख मुलाकडे कॅनडात असतात. त्यांना फोन करून म्हटलं, "दिवाळीपर्यंत कुणाला देऊ नका." मग किल्ली आणून त्या फ्लॅटचा मोबाइलवर व्हिडिओ काढला, स्वयंपाकघरातलं सकाळचं ऊन मुद्दाम दोनदा दाखवलं आणि तिकीट काढलं.

तुम्हाला जायचं असेल तर व्हिसा ऑनलाइन मिळतो. मुंबईहून विमान चार तासांच्या आत पोचवतं. नोव्हेंबर ते मार्च सोडून जाऊ नका, बाकीचे महिने उकडून काढतात. एका दिनारचे हजार फिल्स होतात आणि एक दिनार म्हणजे आपले दोनशेच्या वर रुपये. पहिले दोन दिवस मी मनात गुणाकार करत होते, तिसऱ्या दिवशी सोडून दिला.

विमानतळ मुहर्रक बेटावर आहे आणि शैलाचं घर त्याच बेटावर अरादला, त्यामुळे टॅक्सीत नीट बसेपर्यंत घर आलं. दार उघडलं ते मात्र शैलाने नाही. डोक्यावर फुलाफुलांची ओढणी, हातात झारा.

"या या मीनाताई! मी जुबैदा, वरच्या मजल्यावरची. शैलाताई आंघोळीला गेल्यात. तुमच्या गोष्टी सांगून सांगून आमचे कान किटवलेत त्यांनी. चाय टाकते."

जुबैदा मूळची श्रीवर्धनची. तिच्या नवऱ्याचं सलमाबादला, म्हणजे गोदामं आणि कारखान्यांच्या भागात, भाड्याच्या जागेत गॅरेज. साखरेचा डबा कुठे आहे हे तिला न बघता माहीत होतं. शैला ओल्या केसांनी बाहेर आली, मला मिठी मारली, "मीने, किती गं वाळलीस!" म्हणाली आणि लगेच वळून, "जुबी, वेलची घातलीस का?"

जुबी! मला तिने इतक्या वर्षांत लाडाचं एकही नाव ठेवलं नव्हतं. मीनाचं मीने केलं ते साऱ्या वर्गाने.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने मनामाला गेलो. लाल बस, तिकीट तीनशे फिल्स, आत थंडगार. दोन बेटांमधल्या पुलावरून जाताना शैला दाखवत होती, "हे सगळं भराव टाकून केलंय. मी आले तेव्हा इथे समुद्र होता." सबंध देश आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढा. कुठूनही कुठेही तासाभरात. मला वाईट वाटलं. आपल्याकडे पुण्यात मैत्रिणीकडे कोथरूडहून हडपसरला जायचं तर सुट्टी काढावी लागते.

मनामाच्या बाजारात श्रीनाथजींचं जुनं देऊळ आहे, त्याच्या गल्लीत फुलांचे गजरे मिळतात आणि चार पावलांवर मोत्यांची दुकानं. पूर्वी हा देश मोत्यांवर जगायचा. समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते, पाणबुडे खाली जाऊन कातडी पिशव्यांत पिण्याचं पाणी भरून आणायचे. जपानी मोती आले आणि तो धंदा बसला, तेवढ्यात तेल सापडलं. आता तेलही फार उरलेलं नाही, म्हणून बँका, अॅल्युमिनियम आणि समुद्रावरच्या लांब पुलावरून सुट्टीला येणारे सौदी पाहुणे. शिंपल्यांची शेती करून काढलेले मोती इथे विकू देत नाहीत म्हणे. शैलाने दुकानदाराशी अरबीत घासाघीस केली. तो हसत "खलास, खलास" म्हणाला आणि भाव उतरवला. मी बाजूला उभी, पर्स छातीशी धरून, परीक्षेत नापास झाल्यासारखी.

कडक चहा पिताना मी विचारलं, "इथे राज्य कोण करतं?"

"राजा. एक सभागृह लोक निवडतात, दुसरं राजा नेमतो. अर्ध्याहून जास्त माणसं आमच्यासारखी बाहेरची. आम्हाला मत नाही. वीजबिल मात्र पूर्ण. नागरिकांना स्वस्त."

"मग कशाला राहायचं अशा ठिकाणी?" मी फार पटकन म्हणाले. ती चहात खारी बुडवत राहिली.

तिसऱ्या दिवशी वाळवंटातलं चारशे वर्षांचं एकटं झाड बघायला गेलो. तिथे बस जात नाही, गाडी लागते. अरविंदना काम होतं, म्हणून जुबैदाच्या नवऱ्याने गाडी दिली आणि चालवायला जुबैदा. पुढच्या सीटवर अर्थातच शैला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेलाचे पंप माना वरखाली करत होते आणि पुढे त्या दोघी कुणाच्या तरी सुनेबद्दल कुजबुजत हसत होत्या.

"यल्ला, चला, उतरा," जुबैदा म्हणाली. झाड खरंच मोठं आहे, आसपास पाण्याचा मागमूस नाही. सावलीत चटई टाकून तिने घावन आणि कोलंबीचं लोणचं काढलं. मला म्हणाली, "खाऊन घ्या ताई. शैलाताई आता जुफैरवाल्या होणार, दहाव्या मजल्यावरून समुद्र बघणार. मग आम्हाला कोण विचारतो?"

"जुफैरवाल्या म्हणजे?" मी विचारलं.

जुबैदाने शैलाकडे बघितलं. शैला घावनाचा तुकडा करत होती, तो करतच राहिली.

"जुफैरला, समुद्राकाठी, फ्लॅट घेतलाय, मीने. परदेशी माणसालाही तिथे घेता येतो. ठरावीक किमतीच्या वरचा असला की राहायचा परवाना मिळतो, नोकरी लागत नाही. मागच्या महिन्यात कागद झाले."

मी एका देशाच्या नियमावर विसंबून निघाले होते आणि त्या देशाने नियम बदलून ठेवला होता. जुबैदा मात्र म्हणाली, "आमचं खलास. गॅरेजची जागा मालकाला परत हवीय. व्हिसा कॅन्सल झाला की श्रीवर्धन." आणि तिने मला दुसरं घावन वाढलं.

खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. मला नाही, तर हिलाही नाही. तिच्या हातचं घावन खात असताना.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी आणि शैला अरादच्या किल्ल्याभोवती फिरायला गेलो. किल्ला लहानसा, पाण्याकाठी, भोवती चालायला चांगली वाट आहे. दिवे लागले की फार सुंदर दिसतो.

"मला विचारलं का नाहीस?" मी म्हटलं.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"मग?"

आम्ही अर्धी फेरी मारली. मग ती म्हणाली, "नाशिकला आले की मला रस्ता ओलांडायची भीती वाटते गं. रिक्षावाला विचारतो, मॅडम बाहेरच्या का? इथला खुब्झवाला मी दिसले की भट्टीतून दोन करपलेल्या रोट्या काढतो, अरविंदना आवडतात म्हणून. तू दर हिवाळ्यात ये ना. पाहुण्यांची खोली तुझीच."

"मला खोली नको, शैला. मला चप्पल न घालता तुझ्याकडे यायचं होतं."

तिने माझा हात धरला, आणि वाट संपली तरी सोडला नाही. व्हिडिओ मी तिला दाखवला नाही.

घरी येऊन आठवडा झाला. बहरीन कसं होतं, असं सगळे विचारतात. छान आहे, जाच. स्वच्छ आहे, माणसं मऊ बोलतात, खुब्झ गरम मिळतो. मला त्या देशाचा हेवा वाटतो, एवढंच. एवढासा देश आणि त्यात माझी मैत्रीण मावली.

आता निरोपांबद्दल आणि आणलेल्या सामानाबद्दल, कारण घरचे आणि सोसायटीतले सगळे हे वाचतात. समोरचा फ्लॅट देशमुखांनी खुशाल भाड्याने द्यावा, त्यांच्या भाच्याने रविवारी किल्ली घेऊन जावी. खजुराचे चार डबे तळमजल्यापासून वाटायचे, वॉचमनच्या घरी एक अख्खा. वाळवलेली काळी लिंबं सूनबाईला, आमटीत एकच टाकायचं. मोत्याच्या कुड्या नातीला, पण दहावीनंतर. जुबैदाने तिच्या नणंदेसाठी दिलेली निळी पिशवी कुरियरने पाठवायची नाही. माझ्या मुलाने, निखिलने, गाडीने श्रीवर्धनला नेऊन द्यावी, मी सोबत येईन. जुबैदाचं घर कुठे आहे, समुद्र किती लांब आहे, ते मला बघून ठेवायचंय. ती आली की तिला फोन करणारं कुणीतरी हवं.

आणि केशरी हलव्याचा एक गोल डबा फ्रिजमध्ये मागच्या बाजूला आहे. तो शैलाने विमानतळावर माझ्या हातात दिला. तो कुणालाही द्यायचा नाही. मागूही नका.