क्रुगांचा बाक

तीस वर्षं एकमेकांची घरं जाळून झाल्यावर वाल्डेनाखमधल्या कॅथलिकांना आणि लुथरवाल्यांना अक्कल आली आणि गावात सगळं निम्मं निम्मं झालं. नगराध्यक्ष दोन, औषधवाले दोन, डुकरं तपासणारेसुद्धा दोन. डुकरांना त्याने काय फरक पडला, देव जाणे. चर्च मात्र एकच. सातला कॅथलिकांची मिसा, नऊला लुथरवाल्यांचं प्रवचन. दोघांची पंचांगंही वेगळी, त्यांत दहा दिवसांचा फरक, त्यामुळे ईस्टरही बहुतेक वर्षी दोनदा यायचा.

पिंपं बनवणारा वेन्डेलिन क्रुग कॅथलिक, बायको सबिना कट्टर लुथरवाली. अशा लग्नात गावचा रिवाज ठरलेला: मुलगे बापाच्या पंथात, मुली आईच्या. वेन्डेलिनने लग्नाच्या करारावर छाती फुगवून सही केली, कारण त्याच्या घराण्यात तीन पिढ्या मुलगेच होत आले होते. त्याला सहा मुली झाल्या.

चर्चमध्ये पुढून तिसरा बाक क्रुगांचा. आज्याने स्वतः रंधा मारून केलेला, सात माणसांचा. त्यावर वेन्डेलिन एकटाच बसायचा. शेजारी टोपी, मग हातमोजे, मग काठी मांडून. मागच्या बाकावर पाच मुलग्यांसह कोंबून बसलेला खोगीरवाला ब्लासियस दर रविवारी विचारायचा, "काय वेन्डेलिनभाऊ, काठीचं बारसं कधी?" शेवटी त्याने चर्चच्या कॅथलिक पंचांकडून ठरावच करून आणला. येत्या ईस्टरला जो बाक भरलेला नसेल, तो गर्दीच्या घराला द्यायचा.

वेन्डेलिनची मदार आता सबिनाच्या सातव्या बाळंतपणावर. मुलगा झाला तर निदान पंचांपुढे बोलायला तोंड राहील, एवढीच त्याची आशा. लुथरवाली सुईण बाहेर आली ती हसतच. "आमच्यात आणखी एक," ती म्हणाली.

वेन्डेलिनने पोर मांडीवर घेतली. ती त्याला फार आवडली, आणि तरी त्याला रडू आलं.

"आज्याचा बाक गेला गं," तो सबिनाला म्हणाला. एरवी पोपला चार टोमणे मारल्याशिवाय सबिनाच्या घशाखाली सूप उतरत नसे. त्या दिवशी तिने पोपला सोडलं आणि ठरावात नेमकं काय लिहिलंय तेवढं विचारलं.

कॅथलिकांचा ईस्टर उजाडला. लुथरवाल्यांच्या लेखी तो साधा रविवार. वेन्डेलिन चर्चमध्ये शिरला तर बाकावर त्याच्या सहा मुली ओळीने बसलेल्या, थोरल्या रेगिनाच्या मांडीवर तान्ही. गुडघे टेकायचे नाहीत, क्रुसाची खूण करायची नाही, अशी आईची ताकीद. पोरी खुंटीसारख्या ताठ होत्या. सातवी जागा तेवढी मोकळी होती.

ब्लासियस उसळून म्हणाला, की या सगळ्या लुथरच्या, या चालणार नाहीत. दोन्ही पंथांची घंटा वाजवून दोन्हीकडच्या शिव्या खाणाऱ्या यॉर्गने ठराव पुन्हा वाचला.

"बाक भरलेला पाहिजे असं लिहिलंय," तो म्हणाला. "कोणी भरायचा ते नाही लिहिलं."

वेन्डेलिन बसला. टोपी ठेवायला जागाच नव्हती. ती त्याने मांडीवर धरली आणि मिसाभर तिच्यातच डोळे पुसले.

मिसा सुटली तेव्हा सबिना दारात उभी होती. "अहो, घरी कुठे निघालात? माझ्याही बाकावर एक जागा बारा वर्षं रिकामी आहे."

नऊला वेन्डेलिन तिच्या शेजारी बसला, तोही खुंटीसारखाच ताठ. मिसाभर शहाण्यासारखी झोपलेली तान्ही प्रवचन सुरू होताच टाहो फोडू लागली. सबिनाने ती नवऱ्याच्या हातात दिली.

"तुमच्यावर गेलीय," ती म्हणाली.