आमच्या बूथवरचं चौथं मत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण ती जाडजूड स्मरणिका कधीतरी तुमच्या हातात पडेल – आमच्या पक्षाचा जिल्ह्यातला इतिहास. गुळगुळीत कागद, पानोपानी हारतुरे. तो इतिहास मी लिहिलाय. आणि त्यातलं एक पान धडधडीत खोटं आहे.

पक्षाचं नाव घेत नाही. धर्म, परंपरा, निष्ठा – एवढ्यावरून ओळखाल. आज नळदुर्गपासून परंड्यापर्यंत ज्याच्या त्याच्या गळ्यात त्याचं उपरणं आहे. ज्यांनी तेव्हा आमच्या सभेत शेण फेकायला माणसं पाठवली, तेच आता स्टेजवर मधल्या खुर्चीत बसून आम्हाला निष्ठा शिकवतात. अंगाची आग होते. पण मी कोणत्या तोंडानं बोलणार? मी तरी कोण मोठा लागून गेलोय?

तेव्हा आमच्या गावात पक्ष म्हणजे चार माणसं. किराणा दुकान चालवणारे विरुपाक्षअप्पा, त्यांची बायको, त्यांचा धाकटा भाऊ सिद्राम आणि मी, शाळेतला मास्तर. दुकानाच्या फळ्या लावून आत बैठक व्हायची. सगळ्यात जास्त जीभ चालायची ती माझी. निवडणुकीच्या आदल्या दिवशी अप्पांनी चौघांनाही बेलभंडारा उचलायला लावला. तुळजाभवानीच्या फोटोपुढं शपथ – आपलं एकही मत फुटणार नाही.

पण माझी शाळा समोरच्या पक्षाच्या पुढाऱ्याची. मी अजून कायम झालो नव्हतो. त्यानं सगळ्या मास्तरांना बोलावून सांगितलं होतं – पेट्या गावागणिक मोजतात, मला सगळं कळतं. काय कळणार होतं त्याला? मतपत्रिकेवर नाव थोडंच असतं? आडोशामागं मी एकटा होतो, कुणी बघत नव्हतं. तरी शिक्का मारला तो त्याच्याच चिन्हावर. भित्रा होतो मी. दुसरं काय म्हणू?

मोजणी झाली. आमच्या बूथवर पक्षाला मतं पडली तीन.

अप्पांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बायकोवर त्यांचा भरवसा, गुरुजींवर त्याहून जास्त. राहिला भाऊ.

"सिद्राम, बेलभंडारा उचलून खोटं केलंस?"

"म्या न्हाय अप्पा, देवीची आण. गुरुजींना इचारा की."

अप्पांनी त्याच्या फाडकन मुस्काटात मारली – गुरुजींवर आळ घेतो म्हणून. आणि मी? मी कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

घराच्या मधोमध भिंत आली. दोघा भावांचं बोलणं बंद झालं ते कायमचं. अप्पा गेले, तेही बजावूनच – सिद्रामनं मला खांदा द्यायचा नाही. तो रस्त्याच्या कडेला अनवाणी उभा होता. खांदा मी दिला. चौथं मत कुणाचं फुटलं, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या चापटीनंतर त्यानं गावात कधी माझं नाव घेतलं नाही. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

आणि स्मरणिकेत मी काय लिहिलं? 'सख्ख्या भावानं शपथ मोडली, पण अप्पांची निष्ठा ढळली नाही.' नावासकट लिहिलं. सांगा, काय गरज होती? अप्पांना मोठं करायला दुसरं काही सुचलं नाही मला? प्रकाशनाला माझा सत्कार झाला. शाल घातली त्याच पुढाऱ्यानं, काठी टेकत येऊन. आता तोही आमचाच.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं आली. सिद्राम अजून आहे, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. ते पान मी दोनदा वाचलं. पेन हातातच होतं. खाली 'दुरुस्ती नाही' असं लिहिलं, सही केली आणि प्रुफं परत पाठवून दिली.